नामवंतांची यादी आणि जव्हारचे महाविद्यालय

महाविद्यालयांच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकांत, आणि १९९४ साली राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद स्थापन झाल्यानंतर लिहिल्या जाऊ लागलेल्या स्वयंमूल्यमापन अहवालांत, ‘नामवंत माजी विद्यार्थी व प्राध्यापक’ हे सदर बहुधा असतेच. पुण्या-मुंबईच्या जुन्या महाविद्यालयांना ते लिहिताना पाने अपुरी पडतात. मंत्री, न्यायमूर्ती, कवी, कुलगुरू यांच्या नावांत निवड करणे एवढेच काम तेथे उरते. तालुक्याच्या गावातील लहान महाविद्यालयांत मात्र हाच रकाना भरताना लेखणी अडखळते. ही अडखळ केवळ नावांच्या टंचाईमुळे येते काय, की ‘नामवंत’ या शब्दाच्या मोजमापातच काही उणे आहे, हा प्रश्न जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांच्या संदर्भात विचारात घेण्याजोगा आहे.

या दोन्ही ठिकाणच्या महाविद्यालयांना मोठी कुळपरंपरा लाभली आहे. जव्हारचे महाविद्यालय गोखले एज्युकेशन सोसायटीचे, तर मोखाड्याचे रयत शिक्षण संस्थेचे. पहिली संस्था १९१८ साली प्राचार्य त्र्यं. अ. कुलकर्णी यांनी मुंबईत स्थापन केली व पुढे तिचे केंद्र नाशिकला आले. दुसरी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी उभारली. ज्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचे नाव पहिल्या संस्थेने धारण केले, त्यांनी १९११ साली केंद्रीय विधिमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले होते. ते पुढच्याच वर्षी फेटाळले गेले. त्या वेळी जव्हार हे मुकणे घराण्याचे छोटे संस्थान होते. १९४८ मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झाले, ठाणे जिल्ह्याचा भाग बनले आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गणले जाऊ लागले. गोखल्यांच्या मागणीपासून जव्हारच्या मुलाने पदवीच्या वर्गात बसण्यापर्यंतचा काळ किती लांबला, हे ध्यानी घेतल्याशिवाय या महाविद्यालयाच्या यादीकडे पाहणे अन्यायाचे ठरेल.

नाशिकहून त्र्यंबकेश्वरमार्गे घाट ओलांडून मोखाड्यास आणि तेथून जव्हारला येणारा रस्ता एका अर्थाने थोरल्या भावंडाकडून धाकट्याकडे येणारा रस्ता आहे. थोरले भावंड म्हणजे याच सोसायटीचे १९२४ साली निघालेले नाशिकचे हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय. त्याची यादी कोणासही हेवा वाटावा अशी आहे. वि. वा. शिरवाडकर तेथले विद्यार्थी आणि वसंत कानेटकर तेथले प्राध्यापक, एवढी दोन नावे पुरेशी आहेत. तथापि या यादीचेही थोडे जवळून वाचन करावे. शिरवाडकरांच्या विद्यार्थिदशेतच, १९३० साली, नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला आणि त्यात ते सामील झाले. त्याच सुमारास त्यांच्या कविता ‘रत्नाकर’ मासिकात येऊ लागल्या. पुढे ‘विशाखा’ (१९४२) या संग्रहात जी सामाजिक जाण प्रकटली, तिचे एक बीज वर्गाबाहेरच्या त्या अनुभवात शोधता येते. महाविद्यालयाची यादी मात्र नाव नोंदवते आणि थांबते. विद्यार्थी घडला कोठे, कोणाच्या संगतीत आणि कशाच्या दर्शनाने, हे तिला सांगता येत नाही.

कानेटकरांचे उदाहरण अधिक बोलके आहे. जवळपास पंचवीस वर्षे अध्यापन केलेल्या या नाटककाराने ‘अश्रूंची झाली फुले’ या नाटकात शिक्षकी पेशाचीच परीक्षा घेतली. सचोटीचे प्राचार्य विद्यानंद संस्थेतील स्वार्थी मंडळींच्या कारस्थानाला बळी पडून तुरुंगात जातात आणि सूडाच्या मार्गाला लागतात. तर त्यांचा उनाड विद्यार्थी लाल्या, त्यांच्याच जुन्या संस्कारामुळे, सरळ मार्गावर येतो. १९६९ साली या कथेवर ‘आँसू बन गये फूल’ हा हिंदी चित्रपट निघाला. तो लाल्या प्रत्यक्षातला असता तर विद्यार्थिदशेतील त्याची नोंद महाविद्यालयाच्या शिस्तभंगाच्या कागदांतच सापडली असती, गुणवंतांच्या यादीत नव्हे. शिक्षकाच्या आयुष्याचे साफल्य जेथे असते तेथे यादीची नजर पोहोचत नाही, हे एका प्राध्यापकानेच रंगभूमीवर दाखवून द्यावे, यात मोठे औचित्य आहे.

जव्हारशी तुलना करावयाची तर नाशिकपेक्षा औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालय अधिक जवळचे ठरते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली ते सुरू केले. ज्यांच्या घरात अक्षर पोहोचले नव्हते अशी मुले तेथे आली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले, प्राचार्य म. ना. वानखेडे यांनी विद्यार्थ्यांना स्वतःच्या जगण्याकडे साहित्याचा विषय म्हणून पाहावयास शिकवले, आणि गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली ‘अस्मितादर्श’ने लिहित्या हातांची एक पिढी उभी केली. मिलिंदची यादी मोठी झाली ती यामुळे. जो अनुभव आजवर अभ्यासाच्या बाहेर होता त्याला तेथे भाषा मिळाली आणि ती भाषा मराठी साहित्याला स्वीकारावी लागली. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांचे महाविद्यालय काय करू शकते, याचा हा मराठीतील ठळक पुरावा होय.

जव्हार-मोखाड्यात हे तसेच घडेल असे गृहीत धरता येत नाही. कारण येथील अडचणींची जात वेगळी आहे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली आणि जव्हार हे नाव महाराष्ट्रातील वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर गेले. त्या वर्षी जन्मलेली आणि जगलेली मुले २०१० च्या सुमारास महाविद्यालयीन वयाला पोहोचली. त्यांतील जे कोणी पदवीच्या वर्गात आले असतील त्यांच्या उपस्थितीचे मोल कोणत्या रकान्यात मांडावे? डोंगरउताराची नाचणी-वरई आणि खाचरांतला भात निघाला की दिवाळीनंतर अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर मजुरीला जातात. पावसाळ्याच्या तोंडावर ती परततात. महाविद्यालयाचे दुसरे सत्र नेमके या स्थलांतराच्या काळात येते. अशा घरातील मुलीने तीन वर्षांची पदवी पुरी करून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होणे, परिचारिका होणे, ग्रामपंचायतीच्या सभेत उभे राहून हिशेब विचारणे, ही घटना तिच्या पाड्याच्या इतिहासात पहिलीच असू शकते. ‘नामवंत’ शब्दातील ‘नाम’ कोणाच्या कानी पडावयाचे, यावर त्या शब्दाचा अर्थ अवलंबून असतो. मुंबईच्या कानी न पडलेले नाव पाड्याच्या कानी पडलेले असते.

येथवर प्रश्न विद्यार्थ्यांचा झाला. प्राध्यापकांचा प्रश्न याहून नाजूक आहे, विशेषतः मराठीच्या प्राध्यापकांचा. वर्गात बसलेल्या मुलांच्या घरी वारली, कोकणा, ठाकर, कातकरी, महादेव कोळी अशा समाजांच्या बोली चालतात. पाठ्यपुस्तकाची मराठी ही त्यांना शाळेत भेटलेली दुसरी भाषा. उत्तरपत्रिकेतील त्यांच्या वाक्यांवर लाल शाईने ‘अशुद्ध’ असा शेरा मारणे सोपे असते. परंतु याच मुलांच्या घरी लग्नाच्या वेळी धवलेरी तास न् तास विधींची गीते गाते. भिंतीवर सुवासिनी लग्नचौक आणि देवचौक रेखतात आणि त्यात पालघाट देवीची स्थापना होते. धान्यदेवता कणसरीच्या कथा गायिल्या जातात. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात रात्र रात्र संबळाच्या तालावर देवादिकांची सोंगे मुखवटे घालून नाचतात. लोकसाहित्य हा विषय पदव्युत्तर वर्गात शिकवताना ज्यांची उदाहरणे छापील ग्रंथांतून द्यावी लागतात, ते प्रकार या विद्यार्थ्यांच्या ओसरीवर जिवंत असतात. मग या विषयापुरता गुरू कोण आणि शिष्य कोण?

या प्रश्नाला एका नावाने मूर्त रूप दिले आहे. जव्हार तालुक्यातील वाळवंडे येथील वारली तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना संगीत नाटक अकादमीचा २०२२ चा पुरस्कार मिळाला, आणि वयाच्या नव्वदीच्या घरात असताना २०२६ च्या प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचे पान आणि मेण यांतून तारपा घडतो. धिंडा तो वाजवतात आणि स्वतः घडवतातही. वादक सूर बदलतो तसा नर्तकांचा फेर पाऊल बदलतो. हे ज्ञान ओठांतून आणि बोटांतून पुढच्या पिढीकडे जाते. त्याला अभ्यासक्रम नाही, पण शिस्त आहे, कसोटी आहे आणि गुरुपरंपराही आहे. त्याच जिल्ह्यातील गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली होती. या परिसराचे नाव जगापर्यंत ज्यांनी नेले ते हे दोघे महाविद्यालयांच्या कोणत्याही नामावलीत बसत नाहीत. कारण ते ना कोठले माजी विद्यार्थी, ना कोठले प्राध्यापक.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. शाळेबाहेर राहिलेल्या माणसांचा असा गौरव करणे म्हणजे त्यांना शाळा न मिळाल्याच्या अन्यायावर पांघरूण घालणे नव्हे काय? आदिवासी तरुणाला तारपाच पुरे, पदवीची काय गरज, असा सूर त्यातून निघू शकतो आणि शहरी कलाप्रेमात तो अधूनमधून ऐकूही येतो. हा सूर नाकारावाच लागेल. कोणताही पुरस्कार शाळेची भरपाई करीत नाही; आणि वाळवंड्याच्या मुलामुलींना विज्ञान, वाणिज्य, कायदा यांचे शिक्षण हवे आहे, यात वाद नाही. परंतु याच आक्षेपाची दुसरी बाजूही पाहावयास हवी. पदवी घेताना जर त्या मुलाला आपल्या आजोबांचे ज्ञान हे अज्ञान आहे असे वाटू लागले, तर महाविद्यालयाने त्याला एक देऊन दुसरे काढून घेतले असे होईल. पदवी आणि तारपा यांत निवड करण्याची वेळ विद्यार्थ्यावर येऊ न देणे, हेच अशा महाविद्यालयाचे खरे कार्य म्हणावे लागेल.

यासाठी फार मोठ्या निधीची आवश्यकता आहे असे नाही. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी हे चित्रकार वारल्यांच्या पाड्यांवर गेले आणि भिंतीवरच्या रेषेला त्यांनी कागद व रंग मिळवून दिले. त्यांचे मोठेपण आधी पाहणे आणि मग बोलणे यात होते. मराठीच्या प्राध्यापकालाही हे करता येण्यासारखे आहे. पदव्युत्तर प्रबंधिकेसाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच्याच पाड्यातील धवलेरीकडे पाठवणे, तिची गीते तिच्या संमतीने व तिच्या नावासह तिच्याच बोलीत उतरवून घेणे, त्यांचा अर्थ तिच्याकडूनच समजून घेणे आणि मग त्यावर भाष्य करणे, हे काम जव्हार-मोखाड्यात राहणारा अध्यापक जितक्या नेटाने करू शकेल तितके दूरच्या विद्यापीठातील संशोधकाला साधणार नाही. असे दहा-वीस वर्षांचे संकलन जर एखाद्या लहान महाविद्यालयाच्या ग्रंथालयात साठले, तर राज्यातील मराठी विभागांना अभ्यासासाठी तेथे यावे लागेल.

तेव्हा ‘नामवंत प्राध्यापक’ या शीर्षकाखाली कोणाची नावे लिहावयाची, हा प्रश्नही निराळ्या रीतीने सुटू शकेल. तेथे वर्षानुवर्षे गावात राहून बोलींचे टिपण करणारा अध्यापक असेल, आणि त्याच्या शेजारी, सन्माननीय अध्यापक म्हणून, गीते सांगणारी धवलेरी आणि तारपा घडवणारा वादकही असेल. अधिस्वीकृतीच्या नमुन्यात यासाठी वेगळा रकाना नसला तरी वार्षिक नियतकालिकाची पाने महाविद्यालयाच्या स्वतःच्या हातात असतात. आरंभ तेथून करता येईल. प्रबंधिका लिहिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने ऋणनिर्देशात मार्गदर्शकाच्या नावानंतर ज्या व्यक्तीने गीत सांगितले तिचे नाव आणि गाव लिहावे, एवढा नियम विभागाने केला तरी नवी नामावली तयार होऊ लागेल.