सकाळी पालिकेत, संध्याकाळी स्वतःच्या दवाखान्यात



आमच्या तरुणपणी मुंबईत ‘मानद डॉक्टर’ हा शब्द घरोघरी माहीत होता. नावाजलेला सर्जन सकाळी जेजे, केईएम नाहीतर सायनला जायचा. नाममात्र मानधनावर वॉर्डात फिरायचा, ऑपरेशनं करायचा, मुलांना शिकवायचा आणि दुपारनंतर स्वतःच्या दवाखान्यात बसायचा. पाटीवर डिग्रीखाली ‘मानद सर्जन’ आणि रुग्णालयाचं नाव असायचं. त्या एका ओळीवर लोक निर्धास्त होत.

मी कॉमर्सची. मला यात औषधदानापेक्षा चोख व्यवहार जास्त दिसतो. डॉक्टर वेळ देतो. रुग्णालय त्याला नाव देतं आणि खासगीत दहा वर्षांत दिसणार नाहीत एवढे पेशंट एका वर्षात दाखवतं. दोन्ही बाजू जुळतात, तर नाक मुरडायचं कारण काय? डॉ. तेहेमटन उडवाडिया मोठ्या खासगी रुग्णालयांतही ऑपरेशनं करत. पण दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची भारतातली पहिली शस्त्रक्रिया त्यांनी १९९० साली केली ती सरकारी जेजे रुग्णालयात. (आमचे हे म्हणतात, नवं काही करून बघायचं ते आधी गरिबावरच. तेही अगदीच खोटं नाही.)

हे आठवायला कारण झालं आमच्याकडे भांडी-लादीला येणाऱ्या मावशींचं पित्ताशय. सोनोग्राफीत खडे निघाले. पालिकेच्या एका रुग्णालयात त्यांना दोन महिन्यांनंतरची तारीख मिळाली. ओपीडीतून बाहेर पडताना मदतनिसाने हातात चिठ्ठी ठेवली. तेच डॉक्टर, पत्ता त्यांच्या खासगी दवाखान्याचा, “तिथे या, आठवड्यात होऊन जाईल.” खर्च पंचेचाळीस हजार. मावशींनी माझ्याकडे उचल मागितली.

पैसे देता आले असते. हे तर चेकबुक काढून बसले होते. पण मला ती चिठ्ठी खुपली. डॉक्टरने दोन ठिकाणी काम करावं, चार ठिकाणी करावं. पालिकेच्या दारात आलेल्या पेशंटला मात्र त्या दारातून उचलून आपल्या दारात नेऊ नये. मग ती तारीख खरोखर गर्दीमुळे लांबची आहे की मुद्दाम लांबवली आहे, हे कोणी सांगावं?

मानद डॉक्टरला बाहेर व्यवसायाची मुभाच असते. पूर्णवेळ सरकारी डॉक्टरचं वेगळं. खासगी प्रॅक्टिस करायची नाही म्हणून त्याला पगारावर व्यवसायरोध भत्ता मिळतो. केंद्र सरकारच्या डॉक्टरांना सातव्या वेतन आयोगानंतर तो मूळ वेतनाच्या २० टक्के आहे, आधी २५ होता. हा भत्ता खिशात घालून संध्याकाळी बायकोच्या नावाच्या दवाखान्यात बसणारेही असतात. अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ येतो, राज्याचा नियम मोडून मिळवणं. स्वाध्यायात आपण तिथे जकात चुकवणाऱ्या व्यापाऱ्याचं उदाहरण देतो. मला हेही त्यातच बसतं. अर्थात कोणी म्हणेल, त्या भत्त्यात मुंबईत घर घेऊन दाखवा. तेही ऐकून घ्यायला हवं.

मावशींना घेऊन मी दुसऱ्या युनिटच्या वारी ओपीडीत गेले. तिथल्या सर्जन बाईही मानदच होत्या, त्यांचा दवाखाना आमच्याच रस्त्यावर. मी मुद्दाम विचारलं, “तिकडे घेऊन येऊ का?” केसपेपरवरून मान वर न करता त्या म्हणाल्या, “इथला पेशंट इथेच.” तारीख मात्र त्यांनीही सहा आठवड्यांनंतरचीच दिली, कारण ऑपरेशनचे दिवस आठवड्याला दोन आणि भूल देणारे डॉक्टर कमी.

त्या सहा आठवड्यांत मावशींनी तेल-तूप सोडलं. एकदा रात्री दोन वाजता इतकं दुखलं की त्यांच्या मुलाने रिक्षातून कॅज्युअल्टीला नेलं. तिथे इंजेक्शन देऊन परत पाठवलं. पुढे ठरल्या तारखेला ऑपरेशन नीट झालं, तिसऱ्या दिवशी घरी आल्या. टाके निघाल्यावर भेटायला गेले, तर चहाचा कप पुढे करत म्हणाल्या, “ताई, ते पैसे दिले असते तर ती रात्र टळली असती.” आणि नाही तर पंचेचाळीस हजार कधी फिटले असते, असं मी म्हटलं. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.