जाळीच्या आतली नळी

ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिची तपासणी करून घ्यावी लागते. तिला सगळे एमओटी म्हणतात. मे 2018 पासून मात्र चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना, त्यांच्यात फार मोठे फेरबदल केलेले नसतील तर, ही तपासणी माफ आहे. जुन्या गाड्यांच्या शौकिनांना आनंद झाला. पण कायद्याने माफ केली ती फक्त तपासणी. गाडी रस्त्यावर चालवण्याच्या लायकीची ठेवण्याची जबाबदारी पूर्वीसारखीच आहे. फरक इतकाच की आता दरवर्षी विचारणारं कोणी नाही.

विचारणारं कोणी नसताना एखादी गोष्ट नीट सांभाळणं, याला आमच्या घरात एक शब्द होता, अमानत. हजला जाताना शेजाऱ्यांनी घराची किल्ली ठेवायला दिली, ती अमानत. कुणी चार दिवसांसाठी शेळी बांधून गेलं, तीही अमानत. ब्रेकबद्दल लिहिताना मला हा शब्द टाळता येत नाही. पेडलवर पाय ठेवणारा माणूस दुसऱ्या कुणीतरी आधी केलेल्या कामावर आपला जीव सोपवत असतो.

गाडी आमच्या शेजारच्या आजोबांची. 1972 सालची एमजीबी, उघड्या टपाची, दोन जणांची. या गाड्या 1962 ते 1980 या काळात अॅबिंग्डनच्या कारखान्यात बनल्या. आजोबांनी नोकरी केली ती इथे बर्मिंगहॅमच्या लाँगब्रिज कारखान्यात. गाडीची सगळी कामं ते आजवर स्वतः करत आले. आता हात थरथरतात, गाडीखाली शिरता येत नाही. गाडी त्यांनी नातीला दिली, आणि तिला उन्हाळ्यात ती घेऊन वेल्सच्या डोंगरात जायचं होतं. मी एका कारखान्यात हायड्रॉलिक मशीनांच्या देखभालीचं काम करतो. होज, जोड आणि गळती हे माझ्या रोजच्या हाताखालचे विषय. म्हणून किल्ली माझ्याकडे आली.

तक्रार छोटी होती. थोडं फिरून आलं की पुढचं डावं चाक उजव्यापेक्षा बरंच गरम लागायचं.

हायड्रॉलिक ब्रेकची कल्पना सोपी आहे. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइलवर दाब देतो, तो दाब नळ्यांतून चाकापर्यंत जातो आणि तिथले पिस्टन ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबतात. नळ्या बहुतेक अंतर धातूच्या असतात. पण चाक स्थिर नसतं. ते खड्ड्यात वरखाली होतं, पुढचं चाक वळतंसुद्धा. म्हणून शेवटच्या टप्प्यात वाकणारी नळी लागते. एमजीबीला अशा तीन नळ्या आहेत. पुढच्या दोन चाकांना एकेक, आणि मागच्या अॅक्सलसाठी बॉडीपासून खाली येणारी एक. या गाडीचे ब्रेक एकाच सर्किटचे आहेत. हल्लीच्या गाड्यांत दोन सर्किटं असतात, एक गेलं तरी दुसरं गाडी थांबवतं. इथे तीनपैकी एक होज फुटला, तर चारही चाकांचा ब्रेक जातो आणि हातात उरतो तो फक्त हँडब्रेक.

डावं चाक उचलून नातीला पेडल दाबून सोडायला सांगितलं. त्यानंतर चाक हाताने फिरेना. वरच्या ब्रॅकेटपाशी, जिथे धातूची नळी होजला मिळते, तिथला नट किंचित सैल केला. चाक तसंच घट्ट. नट पुन्हा आवळला आणि कॅलिपरवरचं ब्लीड निपल उघडलं. ऑइलची एक चिळकांडी आली आणि चाक मोकळं झालं. म्हणजे दाब वरून खाली येत होता, पण परत जात नव्हता, आणि तो अडकला होता वरचा जोड आणि कॅलिपर यांच्या मधे. मधे फक्त होज होता. बाहेरून बघितलं तर काळा, गुळगुळीत, एक चीर नाही.

रबराचा होज असा आतून म्हातारा होतो. आतलं अस्तर फुगतं, कधी त्याचा पापुद्रा सुटून झडपेसारखा उभा राहतो. पायाच्या जोराने ऑइल त्याला ढकलून पुढे जातं. परत येताना मागे तेवढा जोर नसतो, म्हणून ते अडकतं. पॅड डिस्कला घासत राहतात, चाक तापतं, ऑइलही तापतं. हे ऑइल म्हणजे खनिज तेल नव्हे. ते हवेतला ओलावा शोषतं, आणि ओलावा शोषलेलं ऑइल लवकर उकळतं. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ तळाला जातं. वेल्सच्या लांब उतारावर हे कसं झालं असतं, त्याचा विचारही नको वाटतो.

तिन्ही होज बदलायचे, यावर वाद नव्हता. वाद होता तो कोणते बसवायचे यावर. नातीने स्टेनलेस स्टीलची जाळी विणलेल्या होजचा संच आधीच मागवून ठेवला होता. आजोबांना ते पसंत नव्हतं. मला वाटलं, ते मूळ वस्तूंचे हट्टी असतील. पण त्यांचं म्हणणं वेगळं होतं.

"रबर म्हातारं झालं की तडे दाखवतं," ते म्हणाले. "या चकचकीत जाळीखाली काय चाललंय, ते मला कसं दिसणार?"

प्रश्न रास्त होता. होजच्या कामात वीस वर्षं घालवलेल्या माणसालाही त्याचं उत्तर एका वाक्यात देता येणार नाही.

जाळीच्या होजमध्ये खरं काम करते ती आतली नळी. ती पीटीएफईची असते, म्हणजे आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतो तोच पदार्थ. 1938 साली अमेरिकेत रॉय प्लंकेट हे रसायनशास्त्रज्ञ फ्रिजमध्ये वापरायच्या वायूवर काम करत असताना तो योगायोगाने हाती लागला. ब्रेक ऑइलचा त्यावर परिणाम होत नाही, तो फुगत नाही. पण एकटी नळी दाबाखाली टिकली नसती, म्हणून तिच्याभोवती स्टेनलेस तारेची जाळी विणतात. या पोलादाचं श्रेय 1913 साली हॅरी ब्रिअर्ली यांना मिळालं, तेही आमच्याकडून फार लांब नसलेल्या शेफील्डमध्ये. रबराच्या होजलाही आत कापडी धाग्याची वीण असते, तरी दाबाने तो किंचित फुगतो आणि पायाचा थोडा जोर त्या फुगण्यात जातो. जाळीचा होज तेवढा फुगत नाही, म्हणून पेडल टणक लागतं.

इथपर्यंत जाहिरात खरी आहे. पण दोन गोष्टी ती सांगत नाही. पहिली, जुने होज काढून नवे रबरी बसवले आणि ऑइल बदललं, तरी पेडल बरंच सुधारतं. जाळीच्या नावावर जमा होणारा पुष्कळसा फरक नवेपणाचा असतो. दुसरी, पोलादाची जाळी कानशीसारखी असते. कुठे घासत राहिली तर रंग, रबर, धातूची नळी, सगळं हळूहळू कापते. जाळीत शिरलेली बारीक कच आतली नळीही कुरतडते. आणि पीटीएफई एकदा मुडपली की संपली, मुडपलेला होज सरळ करून वापरायचा नसतो.

म्हणून मी संच उघडून आधी टोकं तपासली. फिटिंग कारखान्यात दाबून बसवलेली हवीत, घरी आवळून जोडायची नकोत. जाळीवर पारदर्शक प्लॅस्टिकचं आवरण हवं. रस्त्यासाठीच्या मानकाचा शिक्का हवा. अमेरिकेच्या 106 क्रमांकाच्या मानकात होजला 35 तास सतत फिरवून वाकवण्याची परीक्षा आहे, कारण वाकणारी नळी जोडापाशी थकते. या संचात सगळं होतं. नसतं, तर मी आजोबांच्या बाजूने उभा राहिलो असतो.

काम एका शनिवारी केलं. आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. गाडी जॅकवर उचलून स्टँडवर टेकवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. उंट बांधून मग अल्लावर सोपवायची गोष्ट आम्ही लहानपणी मदरशात ऐकलेली, तिचा अर्थ मला स्टँडकडे बघितलं की आठवतो. ऑइलच्या टाकीच्या झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा घट्ट बसवला. असं केलं की वरून हवा शिरत नाही आणि खाली ऑइल भसाभस गळत नाही.

होज काढताना क्रम महत्त्वाचा. आधी होजचं षटकोनी डोकं एका पान्याने धरायचं आणि धातूच्या नळीचा नट दुसऱ्याने सोडवायचा. डोकं धरलं नाही तर नळीच पिळवटते. मग ब्रॅकेटचा नट, आणि शेवटी होज कॅलिपरमधून फिरवून काढायचा. बसवताना उलट. नवा तांब्याचा वॉशर घालून आधी कॅलिपरमध्ये, मग दुसरं टोक ब्रॅकेटमध्ये. धातूच्या नळीचा नट आधी बोटांनी फिरवायचा. आटे तिरके लागले तर बोटांना लगेच कळतं, पान्याला कळत नाही.

आवळण्याआधी होजला पीळ नाही ना, ते पाहिलं. मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून, चाक खाली लोंबतं सोडून आणि जॅकने वर उचलून, प्रत्येक स्थितीत होज कशाला टेकतो का ते बघितलं. डावीकडचा एका टोकाला टायरच्या जवळ येत होता. ब्रॅकेटपाशी सैल करून थोडा फिरवून बसवला, तेव्हा बोटभर जागा मिळाली. या पाहण्यातच निम्मी दुपार गेली.

मग नळ्यांतली हवा काढली. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. नात पेडलवर, मी चाकापाशी, आजोबा खुर्चीवर बसून टाकीतलं ऑइल बघायला. "दाब. धरून ठेव. सोड." नवं ऑइल बुडबुड्यांशिवाय येईपर्यंत हेच. शेवटी नातीला पूर्ण जोर लावून दोन मिनिटं पेडल धरायला सांगितलं आणि प्रत्येक जोडावर कोरडा पांढरा कागद फिरवला. कागद कोरडाच राहिला.

अस्रनंतर परत आलो, तेव्हा आजोबांनी जुना डावा होज माझ्यापुढे धरला. "काप," म्हणाले. मी तो उभा चिरला. एका जागी आतलं रबर इतकं सुजलं होतं की आगपेटीची काडी तिथे अडकली. आजोबांनी तो चष्मा वर करून बराच वेळ पाहिला. बाहेरून एक तडा नव्हता.

"म्हणजे यानेही मला काही दाखवलं नाही," ते म्हणाले.

तरी त्यांचा मूळ प्रश्न खोडला गेला नव्हता. जाळीच्या आत काय चाललंय, ते नातीलाही दिसणार नाही. डोळ्याला दिसत नसेल तर वहीला विचारावं लागतं, एवढंच मला सांगता आलं. आजोबांनी गाडीची जुनी नोंदवही काढली. तिच्यात त्यांच्या अक्षरात प्रत्येक तेलबदलाची तारीख आहे, होजची मात्र एकही नाही. नातीने नवं पान उघडून लिहिलं, तिन्ही होज, बसवल्याची तारीख. खाली आम्ही तिघांनी मिळून ठरवलेलं, दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, दरवर्षी चाकं काढून आवरण आणि जोड बघायचे, आणि दहा वर्षांनी होज कितीही चांगले दिसले तरी बदलायचे. एमओटी माफ असली तरी ती दरवर्षी करून घ्यायची, हे आजोबांनी स्वतः जोडलं. इच्छा असेल त्याला ती करून घेता येते.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या रस्त्यावर हळूहळू सुरुवात करून आम्ही ब्रेक तपासले. गाडी सरळ थांबली. परत आल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात नेला, दोन्ही सारखीच कोमट होती. मग किल्ली नातीच्या हातात दिली आणि सांगितलं की क्लचलाही असाच एक रबरी होज आहे, त्याचीही तारीख वहीत नाही.