सुवार्ता आणि स्पोर्ट्स शूज

आमच्या मंडळीतल्या तरुणांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. पुण्यात नोकरी करणारे, बहुतेक आयटीतले, बरेचसे विदर्भातून आलेले ख्रिस्ती पोरंपोरी. गेल्या पावसाळ्यात तिथे एक शीट फिरली. नाव होतं ‘शाळकरी खेळाडूंमध्ये सेवाकार्य : कल्पना’. ठिकाणाच्या रकान्यात कुणीतरी आधीच ‘एटापल्ली’ टाकून ठेवलं होतं, कारण मी तिथला.

तिथला म्हणजे, आई तिथे सरकारी नर्स होती. दहावीपर्यंत मी एटापल्लीत वाढलो. आलापल्लीहून सागवानाच्या जंगलातून येणारा रस्ता तेव्हा शांत होता. आता त्यावरून सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक जातात. संध्याकाळी आश्रमशाळेतली माडिया पोरं आणि आम्ही गावातली पोरं एकत्र व्हॉलीबॉल खेळायचो. ती अनवाणी, आम्ही चपला काढून. मला माडिया मोडकंतोडकं यायचं, त्यांना मराठी. पॉइंट कुणाचा, यावर भांडायला तेवढं पुरायचं.

शीटमध्ये भराभर कल्पना पडल्या. तीन दिवसांचं क्रीडा शिबिर. सकाळी सराव, दुपारी बायबलमधल्या गोष्टी, शेवटच्या दिवशी बूटवाटप आणि त्याच कार्यक्रमात ‘मी येशूला स्वीकारतो’ असं छापलेलं कार्ड भरून घेणं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. अमेरिकेत ‘फेलोशिप ऑफ ख्रिश्चन ॲथलीट्स’ ही संघटना १९५४पासून शाळा-कॉलेजातल्या खेळाडूंमध्ये हेच काम करते. आमच्यातल्या काहींनी तिचे व्हिडिओ पाहिले होते.

गंमत अशी, की एटापल्लीच्या मैदानावर ख्रिस्ती सेवाकार्य आमच्या आधीच पोचलंय. व्हॉलीबॉल हा खेळच तसा जन्मला. १८९५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक गावात, वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेत शारीरिक शिक्षण देणाऱ्या विल्यम मॉर्गनने तो तयार केला. बास्केटबॉल ज्यांना झेपत नाही अशा वयस्कर सभासदांसाठी. बास्केटबॉलही वायएमसीएचाच : १८९१, स्प्रिंगफिल्ड, जेम्स नायस्मिथ. नायस्मिथ तर धर्मशास्त्र शिकलेला होता. भारतात याच संघटनेच्या हॅरी बक यांनी १९२०मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं आणि तिथे तयार झालेल्या शिक्षकांनी हे खेळ शाळाशाळांत नेले. आज नेटवर उडी मारणाऱ्या पोराला यातलं काहीच माहीत नसतं. माहीत असायची गरजही नाही. मला वाटतं, सेवाकार्य यशस्वी झालं म्हणजे काय, याचं हे एक उत्तर आहे. वस्तू ज्याला दिली त्याची होऊन गेली.

दुसरं उदाहरण श्रीनगरचं. टिंडेल-बिस्को नावाच्या मिशनरी मुख्याध्यापकाने १८९१मध्ये काश्मिरी पंडित मुलांसमोर फुटबॉल ठेवला. चामड्याचा बॉल विटाळ आणतो म्हणून मुलं हात लावेनात, पाय लावेनात. त्याने शिक्षकांच्या हाती काठ्या दिल्या आणि मुलांना खेळायला लावलं. पुढे काश्मिरात फुटबॉल रुजला. पण ही गोष्ट सांगताना लोक हसतात, तेव्हा मला त्या काठ्या दिसतात. काठी नसली तरी बूट काठीचं काम करू शकतो.

हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा एका ताईंनी विचारलं, “बूट म्हणजे काठी कशी?”

उत्तर आईने दिलं. ती आता रिटायर होऊन नागपूरला असते. फोनवर सगळं ऐकून म्हणाली, “तळपाय फाटलेलं पोरगं बूट हातात घेऊन ‘नाही’ म्हणंल का रे तुला? मग त्याच्या ‘हो’ला तरी काय किंमत?”

माझ्या धंद्यात याला वेगळं नाव आहे. ॲप उघडताना ‘सहमत’ दाबल्याशिवाय पुढे जाताच येत नसेल, तर ती सहमती नव्हे, फसवणूक. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची साधी माहिती वापरायलाही आईबापाची पडताळलेली संमती लागते. मग त्याच्या श्रद्धेसाठी कमी लागेल का? राज्यघटनेचं कलम २८ हेच सांगतं : पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत असलं तरी सक्ती नाही, आणि मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती हवी. आश्रमशाळेतलं मूल तर घरापासून लांब, वसतिगृहात राहतं. आईबाप दूरच्या पाड्यावर. त्याला ‘नको’ म्हणायला बळ देणारं जवळ कुणीच नसतं. आणि उद्या तक्रार झाली तर आम्ही पुण्याला परत आलेले असू. प्रश्न विचारले जातील ते त्या मुलाला, त्याच्या अधीक्षकांना आणि तालुक्यातल्या दोनचार ख्रिस्ती कुटुंबांना.

शिवाय ही पोरं काही कोरी पाटी नसतात. त्यांचे पेन आहेत, गायता आहे, गोटुल आहे. त्यांच्याकडे पोलीस येतात, पुढारी येतात, आम्ही येतो. खेळातून पोरांपर्यंत पोचता येतं हे सगळ्यांनाच कळलंय. व्हॉलीबॉल किटवर कुणाचं नाव छापायचं, एवढाच फरक.

ग्रुपमधल्या एका दादाने मग खरा प्रश्न विचारला. “येशूचं नावच घ्यायचं नाही, तर आपल्यात आणि एखाद्या एनजीओत फरक काय?”

हा प्रश्न मला आठवडाभर पुरला. कारण मी श्रद्धावान आहे. माझ्यासाठी सुवार्ता म्हणजे जोडधंदा नाही. पण मत्तयच्या शुभवर्तमानातला सहावा अध्याय पुन्हा वाचला. दान गुपचूप करा, प्रार्थना दार लावून करा, असंच तिथे शिकवलंय. फोटो, बॅनर आणि कार्ड या शिकवणीत कुठे बसतात, ते मला सापडलं नाही.

मला जयपाल सिंह मुंडाही आठवले. रांचीच्या मिशन शाळेत शिकले, मिशनऱ्यांच्या मदतीने ऑक्सफर्डला गेले, १९२८च्या ॲम्स्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या हॉकी संघाचे कर्णधार झाले. पुढे संविधान सभेत ते आदिवासींच्या बाजूने उभे राहिले. मिशनने त्यांच्या हाती स्टिक आणि शिक्षण दिलं. त्यांनी त्याचं काय केलं, ते त्यांचं.

मग आम्ही शीट पुन्हा भरली. पहिल्या ओळीत बूट, पण पायाचं माप घेऊन. अनवाणी वाढलेला पाय पंजाशी रुंद असतो, दुकानातला अरुंद बूट दोन दिवसांत फोड आणतो. दुसऱ्या ओळीत बॉल, नेट आणि हवेचा पंप. तिसरी ओळ आईने भरायला लावली : सिकलसेल. गडचिरोलीत हा आजार घरोघरी ऐकू येतो. ज्यांच्यात फक्त वाहक गुण आहे ती पोरं धडधाकट असतात, पण उन्हात, पाणी न पिता, एकदम जोर लावून पळवलं तर कोसळू शकतात. म्हणून तपासणी सरकारी दवाखान्यातून, अहवाल फक्त पालकांकडे, आणि सरावात सगळ्यांनाच पाणी व विश्रांती. कुणाला वेगळं काढायचं नाही. चौथी ओळ : दहावी-बारावीनंतर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांना १६०० मीटरचा आणि मुलींना ८०० मीटरचा सराव, आणि लेखी परीक्षेची पुस्तकं.

खाली नियम लिहिले. मुख्याध्यापक आणि पालकांशी आधी बोलायचं, माडिया बोलणारं माणूस सोबत घेऊन. शाळेच्या आवारात उपासना नाही. मुलांचे फोटो इन्स्टावर नाहीत. कुणीही मोठा माणूस एकट्या मुलासोबत थांबणार नाही. कार्डाचा रकाना काढून टाकला.

दोघं गटातून बाहेर पडले. त्यांना वाटलं, आम्ही लाजलो. त्यांच्याशी माझं बोलणं अजून चालू आहे. ते माझे मित्र आहेत आणि त्यांची कळकळ खोटी नाही.

एक ओळ मात्र सगळ्यांनी मिळून ठेवली. एखाद्या पोराने स्वतःहून विचारलं, “तुम्ही एवढ्या लांब कशाला आलात?” तर खोटं बोलायचं नाही. एका वाक्यात सांगायचं : आम्ही येशूला मानतो, त्याने आम्हाला असं वागायला सांगितलंय. मग थांबायचं. पुढचा प्रश्न विचारायचा की सर्व्हिस करायला जायचं, हे त्याने ठरवायचं.