वहिनींची पाटी

दुकानाला पाटी लागते हे मला ठाऊक होते. पण संकेतस्थळालाही आधी कागद-पेन्सिलच लागते, हे यंदा कळले. वहिनींच्या भाजणी-पापडांच्या धंद्यासाठी पुतण्या संकेतस्थळ करणार होता. "काका, मजकूर तुम्ही लिहा." कादंबरीकाराला आणखी काय हवे! मी तीन पाने लिहिली. त्यांत आजीचे जाते होते, चुलीचा धूर होता.

पुतण्याने कागदावर चौकटी आखल्या. "लोक मोबाइलवर पाहणार. वरच काय मिळते, भाव काय, मागवायचे कसे, एवढे दिसले पाहिजे. खाली अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ आकडी क्रमांक. पत्ता देवनागरीतही घेऊ. २०१४ पासून '.भारत' मिळते."

वहिनी चष्मा लावून माझी पाने वाचीत होत्या. "भावोजी, जाते केव्हाच माळ्यावर गेले. भाजणी गिरणीत दळते, तसेच लिहा. आणि पावसाळ्यात पापड मिळणार नाहीत, हेही."

"आई, नाही म्हटले की गिऱ्हाईक जाते."

"खोटे सापडले की कायमचे जाते."

राहिली 'आमच्याविषयी' ही चौकट. मालक कोण? डब्यांवर अजून दादाचेच नाव. दादा जाऊन दहा वर्षे झाली. भाजणी तर पहिल्यापासून वहिनींच्या हातची. कोणीच बोलेना. मग पुतण्याने पेन्सिल आईपुढे सरकवली. वहिनींनी जरा थांबून, शाळेतल्यासारख्या सावकाश अक्षरांत आपले नाव लिहिले.

माझी तीन पाने रद्दीत गेली. मला त्याचे मुळीच वाईट वाटले नाही.