नऊशे उंदीर



मागच्या वेळी बिबड्यांबद्दल लिहिले तेव्हा पुढचा लेख लोणच्यावर लिहीन म्हटले होते. लोणचे राहू द्या. मधल्या काळात आमच्या घरात साप येता येता राहिला. त्यात माझी एक जुनी चूकही बाहेर आली, तर तेच आधी सांगते.

आमचा नातू चौदा वर्षांचा, नववीत. घरात चौविहार आहे, म्हणून संध्याकाळी सहाच्या आत सगळे ताटावर असतात. तेव्हाच काय ते बोलणे होते. एके दिवशी वरण वाढून घेता घेता तो म्हणाला, "दादी, मला साप पाळायचाय." सूनबाईंच्या हातातला डाव ताटलीत वाजला. त्याचे पप्पा म्हणाले, "आधी दहावी कर." त्याच्या दादांनी ऐकलेच नाही. ते अलीकडे सोयीने ऐकतात.

मी मात्र म्हटले, "कोणता साप? जेवण झाल्यावर माहिती घेऊन ये." मुलांना नुसते 'नाही' म्हटले की ती आपल्याशी बोलायची थांबतात, हे मी त्याच्या पप्पांच्या वेळी शिकले. शिवाय मी १९८१ ची बी.कॉम. समोर कागद आला की आकडेमोड केल्याशिवाय राहवत नाही.

तो वही घेऊन आला. अक्षर गिचमीड, पण अभ्यास खरा होता. त्याला हवा होता बॉल पायथन, आफ्रिकेच्या पश्चिम भागातला एक छोटा अजगर. घाबरला की डोके आत घेऊन स्वतःचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. विष नाही. वाढून तीन ते पाच फूट. पहिल्यांदा साप पाळणाऱ्याला जगभर हाच सुचवतात, कारण तो शांत असतो आणि चावायला सहसा धावत नाही. निवड कशी करायची तेही त्याने लिहिले होते. पिल्लू रानातून पकडलेले नको, माणसाच्या देखरेखीत जन्मलेले हवे, कारण पकडून आणलेल्या सापाला गोचिडीसारखे किडे असतात आणि तो महिनोन्‌महिने खात नाही. डोळे स्वच्छ हवेत, श्वासाचा आवाज यायला नको, तोंडाशी फेस नको. विकणाऱ्याला म्हणायचे, माझ्यासमोर एकदा खाऊ घाला, मगच पैसे. रंगावर भाळायचे नाही. 'स्पायडर' नावाची एक सुंदर नक्षीची जात माणसांनीच पैदास करून वाढवली आहे. तिच्यात जन्मतःच दोष असतो, डोके लटलट हलत राहते. घरी आणल्यावर आठवडाभर हात लावायचा नाही. पेटीच्या झाकणाला कडी हवी, कारण साप निसटण्यात पटाईत. हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, आणि घरात पाच वर्षांच्या आतले मूल असेल तर साप आणायचाच नाही, कारण अशा प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा जंतू असतो.

पेटीची एक बाजू ३१-३२ अंश आणि दुसरी २५-२६ लागते, त्यासाठी उष्णतेचा दिवा लावायचा. मी हसले. जळगावात मे महिन्यात दिवा कसला, सापाला कूलर लावावा लागेल. तोही हसला, पण वहीत लिहून घेतले.

मग आयुष्य विचारले. वीस ते तीस वर्षे. म्हणजे तो कॉलेजला जाणार, नोकरीला जाणार, त्याचे लग्न होणार, आणि साप जळगावातच. मी तेव्हा नव्वदीला आलेली असेन. आणि मुलगी पाहायला गेल्यावर ही गोष्ट आधी सांगायची की नंतर, हा सूनबाईंचा प्रश्न.

नंतर कायदा. तो मी आणि त्याने मिळून वाचला. आपल्या देशातले साप पाळता येतच नाहीत. नाग, घोणस, धामण, अजगर यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, पकडून घरात ठेवणे हा तुरुंगाचा गुन्हा. त्याच्या वर्गातल्या कुणीतरी "मांडूळ मिळवून देतो" म्हणून सांगितले होते. मांडुळाची शेपटी बोथट असते, म्हणून लोक त्याला दोन तोंडांचा समजतात आणि त्याने धन मिळते म्हणून लाखोंच्या गोष्टी करतात. त्याच्या तस्करीत लोक पकडले गेल्याच्या बातम्या आपल्याकडे नेहमी येतात. मी नातवाला बजावले, त्या मुलाशी याबाबत एक शब्द बोलायचा नाही. परदेशी सापाचे वेगळे. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम आले. आंतरराष्ट्रीय करारात ज्या प्राण्यांची नावे आहेत ते पाळायचे तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. बॉल पायथन त्यात येतो. एका विक्रेत्याला नातवाने माझ्यासमोर फोन लावला. मी विचारले, बिल? नोंदणीचे कागद? तो म्हणाला, "आंटी, कागद कोण बघतो, पार्सल करतो." मी फोन ठेवला. जिवंत प्राणी पार्सलने!

पण कागदवाला विक्रेता मिळाला असता तर? तेव्हा मी खरा प्रश्न विचारला. "खातो काय?"

त्याला माहीत होते की मी हे विचारणार. हळूच म्हणाला, "उंदीर. पण गोठवलेले मिळतात, दादी. आधीच मेलेले. आपण मारायचे नाहीत."

मैत्रिणींनो, आपण सामायिकात बसतो तेव्हा काय म्हणतो? करणार नाही, करवणार नाही. आणि साधू-साध्वींच्या व्रतात तर करणाऱ्याला अनुमोदन देणार नाही, हेही येते. गोठवलेला उंदीर कुणीतरी माझ्यासाठीच मारलेला असतो. प्रतिक्रमणात सातव्या व्रताखाली पंधरा कर्मादाने येतात, त्यातले शेवटचे असईजणपोसणया. हिंसक प्राणी पोसणे हाही त्याचा एक अर्थ सांगतात. इतकी वर्षे मी ते तोंडाने म्हणत होते. माझ्या स्वयंपाकघरात ते कुठे लागू होईल असे कधी वाटलेच नव्हते.

मी त्याचीच वही घेतली आणि हिशेब मांडला. दहा दिवसांना एक धरू. वर्षाला छत्तीस. पंचवीस वर्षे. नऊशे उंदीर. फ्रीजरमध्ये, मटारच्या शेजारी.

तो गप्प झाला. मग म्हणाला, "चंडकौशिकाने खाणे सोडले होते ना?" सोडले होते. प्रभू महावीरांना डसला, बोध झाला, आणि मग बिळात तोंड घालून पडून राहिला, कुणाला चावायचे नाही म्हणून. लोकांनी भक्तीने त्याच्या अंगावर तूप-दूध ओतले, त्याला मुंग्या लागल्या, आणि त्याने ते सोसले. मी म्हटले, बाळा, तो चंडकौशिकाचा त्याग होता, त्याने स्वतः घेतलेला. आपल्या पेटीतल्या सापाला आपण उपाशी ठेवले तर तो त्याचा त्याग होत नाही. सापाला उंदीर खाण्यात पाप नाही, त्याचा तो आहारच. रानात तो खातो तेव्हा मी त्यात कुठे नसते. पेटीत ठेवले की प्रत्येक घासाला माझी सही.

मला वाटले, झाले, जिंकले. चौदा वर्षांच्या मुलाला कमी लेखू नये. तो म्हणाला, "आणि आपल्या मिलमध्ये किती मरतात, दादी? ते नऊशेच्या वर गेले असतील ना?"

आमची डाळमिल आहे हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहे. डाळ म्हटली की उंदीर आलेच. मी तोऱ्यात म्हटले, आपल्याकडे पिंजरे आहेत. तो म्हणाला, "पिंजरे पुढच्या गोडाऊनला. मागे हमाल काय ठेवतात ते बघ."

लग्न होऊन मी १९८२ मध्ये जळगावात आले, तेव्हापासून वीसेक वर्षे मिलच्या किरकोळ खर्चाची वही मीच तपासत असे. सासरेबुवांना सून शिकलेली आहे याचा अभिमान होता. त्या रात्री मी माळ्यावरून दोन जुन्या वह्या काढल्या. दर महिन्याला एक ओळ. 'औषध.' पुढे रक्कम, आणि पुढे माझी लाल पेन्सिलीची टिकमार्क. औषध कुणाचे, हे मी वीस वर्षांत एकदाही विचारले नाही. कामगारांच्या डोकेदुखीचे असेल असे वाटले, असे मी आज म्हणू शकते. पण ते खरे नाही. उंदराच्या औषधाला आपल्याकडे औषधच म्हणतात, मला ते ठाऊक होते.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तीही नातवाच्या वहीमुळेच निघाली.

माझे माहेर धुळे. पोष दशमीला वडील आम्हा सगळ्या भावंडांना नेरला मनोवांछित पार्श्वनाथांच्या दर्शनाला न्यायचे, साक्री रस्त्याने. पार्श्वनाथांचे लांछनच साप. कमठाच्या धुनीतल्या लाकडात जळणारा साप प्रभूंनी बाहेर काढवला, त्याला नवकार ऐकवला, तो मरून धरणेंद्र झाला, आणि पुढे त्यानेच फणा धरून प्रभूंना पावसातून राखले, ही गोष्ट आम्ही गाडीत म्हणत जायचो. नागपंचमीला गल्लीत गारुडी यायचा. त्याच्या टोपलीतला नाग दूध पितो म्हणून आम्ही टाळ्या पिटायचो. साप दूध पीत नाही. कित्येक दिवस तहानलेला ठेवला की समोर येईल ते पितो आणि त्यानेच आजारी पडतो, हे मला पन्नास वर्षांनी कळले. तूप ओतणारे लोक त्या गोष्टीतच होते, पण आम्ही कधी त्यांच्याकडे लक्ष दिले नाही.

१९७४ च्या पावसाळ्यात, मी तेरा वर्षांची असताना, मागच्या खोलीत कापूस भरून ठेवला होता, तिथे मला साप दिसला. लांबलचक, पिवळट तपकिरी. मी "नाग, नाग" म्हणून ओरडले. शेजारचे चौघे काठ्या घेऊन आले. पुढचे लिहीत नाही. आईने माझ्याकडून आयंबिल करवून घेतले. मी मात्र मनात म्हटले, नागच होता, चावला असता तर?

नातवाच्या वहीत धामणीचे चित्र चिकटवलेले होते. ओठांवर पेनाने मारल्यासारख्या उभ्या काळ्या रेघा. त्या रेघा मी ओळखल्या. फणा नव्हताच, हे मला त्याही दिवशी दिसले होते. धामणीला विष नसते. ती कापसात उंदरांच्या मागे आली होती.

हे मी नातवाला सांगितले. त्याच्या पप्पांनासुद्धा कधी सांगितले नव्हते. तो काही बोलला नाही, माझ्या शेजारी बसून राहिला.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही त्याला पुण्याला कात्रजचे सर्पोद्यान दाखवले. ते उभारणाऱ्या नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये पुण्यात ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास काढले होते, डिवचल्याशिवाय साप चावत नाही हे लोकांना दाखवायला. नातू काचेला नाक लावून दोन तास उभा होता. माझे पाय दुखले, पण मीही पाहिले. यापूर्वी सापाकडे मी कधी पुरते पाहिलेच नव्हते, देवळातला सोडून.

मिलचे सांगते. औषध बंद करा म्हटल्यावर घरात महिनाभर वाद झाला. आमचे हे म्हणाले, "धर्म घरात, धंदा धंद्यात." मी वह्या समोर ठेवल्या. शेवटी दारांच्या खाली पत्रे ठोकले, भिंतीतली भोके बुजवली, पोती भिंतीपासून हातभर सरकवून लाकडी फळ्यांवर उचलली, आणि मागेही पिंजरे लावले. उंदीर संपलेले नाहीत. सोडलेले काही परत येतात, असा हमालांचा ठाम समज आहे, आणि नुकसान किती ते हे मला दर आठवड्याला सांगतात.

यंदा आषाढात मागच्या गोडाऊनमध्ये साप निघाला. हमालांनी काठ्या उचलल्या, पण मुनीमजींनी आधी फोन केला. वनखात्याचा १९२६ हा नंबर आम्ही मिलच्या दारावर रंगवून घेतला आहे, तुम्हीही घरात लावून ठेवा. आणि कुणाला दंश झालाच तर नवकार म्हणा, पण म्हणत म्हणत गाडी काढा आणि थेट सिव्हिलला न्या, मांत्रिकाकडे नाही. सर्पमित्र आले. नातू माझ्याबरोबर दहा फुटांवर उभा होता, हात मागे बांधून, कारण तसे ठरले होते. त्याने लांबूनच सांगितले, "धामण." सर्पमित्र म्हणाले, बरोबर. त्यांनी तिला पिशवीत घेतले, वनखात्याकडे नोंद केली आणि मोकळ्या रानात सोडले. जाताना म्हणाले, विष खाल्लेला उंदीर हिने खाल्ला असता तर हीही मेली असती.

वर्षअखेरीला मुनीमजी वही घेऊन आले. पिंजरे, पत्रे आणि फळ्यांचा खर्च कुठल्या खात्यात टाकू, धर्मादायमध्ये ना? मी म्हटले, नाही. दुकानखर्चात टाका, जिथे 'औषध' लिहायचात तिथेच.

नातवाने अठरा पूर्ण झाल्यावर पुन्हा विचारणार, असे सांगून ठेवले आहे. वही माझ्या कपाटात आहे. लोणचे पुढच्या वेळी नक्की.

मिच्छामि दुक्कडं.