परतीची वाट

गाडीच्या दिव्यांना वीज कुठून मिळते असे विचारले की वर्गात भराभर हात वर होतात. "बॅटरीतून, सर!" पण ती परत कुठून जाते असे विचारले की सगळे एकमेकांकडे पाहू लागतात. विद्यार्थी मित्रांनो, मागच्या पावसाळ्यात माझ्या जुन्या गाडीमुळे हा प्रश्न माझ्यासमोर आला, म्हणून हे लिहितो आहे.

शाळेच्या कामासाठी सौंसरहून छिंदवाड्याला निघालो होतो. सोबत आपले दोन शिक्षक होते. सिल्लेवानीच्या घाटात अंधार पडला. हेडलाइट लावताच डॅशबोर्डवरचे दिवे लुकलुकू लागले. इंडिकेटर दिला की त्याच तालावर पेट्रोलचा काटा खालीवर व्हायचा. वळणावर समोरून ट्रक आला तेव्हा आमचे हेडलाइट इतके मंद झाले होते की पोटात गोळाच आला.

परतल्यावर एका मिस्त्रीने अल्टरनेटर बदला म्हणून सांगितले, दुसऱ्याने पूर्ण मीटर. दोन्ही खर्च हजारांत होते. मग आपल्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याला बोलावले. तो आता गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो. दहावीला विज्ञानात जेमतेम पास झालेला मुलगा!

त्याने काहीच खोलले नाही. आधी मल्टीमीटर लावले. इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट, चालू असताना १४.१. म्हणजे अल्टरनेटर ठीक. मग हेडलाइट लावून मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे डॅशबोर्डखालच्या उघड्या पत्र्याला टेकवले. आकडा आला ०.९. "सर, इथे शून्याच्या जवळपास पाहिजे. अर्थ लूज आहे."

गाडीतला 'अर्थ' म्हणजे जमीन नव्हे. गाडी तर रबरी टायरांवर उभी असते. बॅटरीचे ऋण टोक जाड तारेने गाडीच्या पत्र्याला व इंजिनला जोडलेले असते आणि तो पत्राच बहुतेक दिव्यांच्या विजेची परतीची वाट असतो. जोडावर गंज चढला की तिथे रोध वाढतो. (आम्ही हिंदी माध्यमात त्याला प्रतिरोध म्हणत होतो.) ६० वॅटचे दोन हेडलाइट १२ व्होल्टवर १० अँपिअर वीज घेतात. जोडाचा रोध फक्त ०.१ ओहम असला तरी १० गुणिले ०.१, म्हणजे पूर्ण १ व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. डॅशबोर्डची वीजही त्याच जोडातून परतते, म्हणून इंडिकेटर लागला-विझला की तेथील दिवे व काटेही हलतात.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. त्याने बॅटरीची ऋण तार आधी काढली. धन तार आधी सोडवताना पाना पत्र्याला लागला तर ठिणगी उडते. बोल्ट सोडवून जोड पॉलिश पेपरने चकचकीत केला, घट्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेली लावली आणि ऋण तार सर्वांत शेवटी बसवली. मीटरवर ०.०५. नवीन सुटा भाग एकही लागला नाही.

ज्यांच्या नियमाने हे गणित सुटले ते गेऑर्ग ओहम हे कुलूप बनवणाऱ्याचे चिरंजीव. कोलोन शहरातल्या शाळेत शिकवत असताना त्यांनी हे प्रयोग केले आणि १८२७ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला. वडिलांच्या कारखान्यात शिकलेले हातकाम त्यांना उपकरणे बनवताना उपयोगी पडले.

आमच्या त्या विद्यार्थ्याने हा नियम परीक्षेत कसा लिहिला असेल ते ठाऊक नाही, पण तो त्याला येतो हे मी डोळ्यांनी पाहिले. त्याच्या गुणपत्रिकेत यासाठी रकाना नव्हता. पालकांनी मुलांचे गुण पाहताना एवढे लक्षात ठेवावे.

विश्वस्त मंडळींना एक विनंती आहे. प्रयोगशाळेसाठी दहा मल्टीमीटर आणि एक जुनी बॅटरी द्यावी. नववी-दहावीच्या मुलांना मोजायला शिकवण्यासाठी त्या माजी विद्यार्थ्याने महिन्यातून एक शनिवार यायचे कबूल केले आहे.

— प्राचार्य