पेलाभर पाणी

आरओ प्युरिफायरची टाकी भरत असते, तेव्हा मागची बारीक पांढरी नळी सिंकमध्ये धार सोडत असते. पिण्यासाठी जमतं त्याहून जास्त पाणी बहुतेक वेळा त्या नळीतून जातं. धार बारीक, म्हणून डोळ्यांत भरत नाही.

मुंबईचं पाणी भातसा, तानसा, वैतरणेचं. पावसाचं, मुळात क्षार कमी असलेलं, शुद्ध करून, क्लोरीन घालून आलेलं. आरओ लागतं ते क्षार काढायला. लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असतील तिथे आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितलं होतं. तरी आमच्या इमारतीत घरोघरी आरओ. खरी धास्ती हवी गच्चीवरच्या टाकीची. ती शेवटची कधी धुतली, विचारलं की सगळे सेक्रेटरीकडे बोट दाखवतात.

आणि एवढं गाळून आपण पितो किती? ऑफिसातल्या एसीत तहान लागत नाही, चहावर चहा होतो. घरी पाहुण्यापुढे काठोकाठ पेला ठेवायचा, तो दोन घोट घेणार, उरलेलं बेसिनमध्ये. ज्या शहापूर तालुक्यातून हे पाणी येतं, तिथल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. हे आठवलं की बेसिनमध्ये पेला रिता करताना हात अडखळतो.

रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये टाकीचा विषय काढणार आहे. पाहुण्यांना आता अर्धाच पेला. लागलं तर मागतील, घरचंच आहे.